बखर आणि दप्तर

‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही म्हण भाऊबंदकीचे तंटे मिटविताना ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी असते, आणि घरगुती प्रकरणात तिचा उपयोगही होतो. परंतु हीच म्हण जेव्हा राष्ट्राच्या कारभाराला लावली जाते, तेव्हा ती उच्चारणारा गृहस्थ कोण आणि गंगेला त्याला नेमके काय मिळवावयाचे आहे, हे विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. १९८९ साली पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटी एकामागून एक कोसळल्या, तेव्हापासून हा उपदेश त्या देशांना अखंड होत आला आहे. निवडणुका घ्या, बाजार मोकळा करा, नवी घटना लिहा. मागच्या गोष्टी उकरीत बसाल तर पुढचे पाऊल पडणार नाही, असे सांगणाऱ्यांत मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ होते, मुत्सद्दी होते. आमच्याकडील सुशिक्षितांतही या मताचे लोक पुष्कळ भेटतात. लोकशाही म्हणजे मतपेटी आणि दुकान, इतिहास म्हणजे निवृत्त माणसांचा विरंगुळा, असा या मताचा सारांश. आम्हांस हे मत चुकीचे तर वाटतेच, पण रशियाचे उदाहरण डोळ्यांसमोर असता ते अद्याप मांडले जावे याचे नवलही वाटते.

कम्युनिस्ट राजवटींनी कारखाने आणि जमिनी ताब्यात घेतल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी भूतकाळही ताब्यात घेतला होता, हे मात्र तितकेसे ध्यानात येत नाही. मराठी वाचकांस ही गोष्ट समजावून देण्यास फार सायास पडू नयेत. बखर निराळी आणि दप्तर निराळे, हा विवेक आमच्या इतिहाससंशोधकांनी आम्हांस शिकविला. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडविले आणि बखरीतील गोड कथा अस्सल कागदाशी ताडून पाहिल्या; तेव्हापासून मराठ्यांच्या इतिहासाला पाया आला. सोव्हिएत पद्धतीच्या राज्यात नेमकी उलट व्यवस्था होती. तेथे बखर लाखांनी छापली जात होती आणि दप्तराला कुलूप होते. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, तोच बखरीचा लेखक. अशा देशात नुसती मतपेटी आणून ठेवली आणि कुलूप तसेच राहू दिले, तर किल्ली उद्या कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा काय?

कातिनचे प्रकरण घ्या. ५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत पक्षाच्या पॉलिटब्यूरोने बेरियाच्या प्रस्तावाला मान्यता देऊन हजारो पोलिश युद्धकैद्यांना आणि इतर अटकेतील पोलिश नागरिकांना गोळ्या घालण्याचे ठरविले. त्या कागदावर स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह आणि मिकोयान यांच्या सह्या आहेत. ठार झालेल्यांत सैन्याचे अधिकारी तर होतेच, शिवाय राखीव दलात बोलाविलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक, शिक्षक होते. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी या सामूहिक थडग्यांची बातमी जगाला दिली. १९४४ साली सोव्हिएत सरकारच्या चौकशीमंडळाने ‘हे कृत्य १९४१ मध्ये जर्मनांनी केले’ असा निर्वाळा दिला. न्युरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएत वकिलांनी तो आरोप जर्मनांवर ठेवला आणि निकालपत्रात त्या न्यायासनाने त्याविषयी मौन पाळले. वकिली करणाऱ्या माणसास हे मौन पुष्कळ काही सांगून जाते. पुढे ३ मार्च १९५९ रोजी हेरखात्याचा प्रमुख शेलेपिन याने ख्रुश्चेव्हला टिपण पाठविले. त्यात गोळ्या घातलेल्यांचा आकडा २१,८५७ असा दिला आहे, आणि या लोकांची वैयक्तिक प्रकरणे नष्ट करावीत अशी शिफारस आहे. मूळ निर्णयाचा कागद बंद पाकिटात एका पक्षप्रमुखाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. पोलंडातील विधवा मात्र पन्नास वर्षे जर्मनांना दोष देण्यास बांधलेल्या होत्या. खरे बोलणाऱ्याची नोकरी जात होती. १३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत सरकारने प्रथम कबुली दिली, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी त्या कागदांच्या प्रती वालेसा यांच्याकडे धाडल्या.

आता कोणी म्हणेल की, मेलेले मेले, कागद मिळून काय साधले? पोलंडचे राज्य ज्या खोट्या शपथेवर उभे होते ती शपथ मोडली, एवढे साधले. हे ज्यास अल्प वाटते त्याने बाल्टिक देशांकडे पाहावे. २३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत कराराला गुप्त पुरवणी होती आणि तीत पूर्व युरोपची वाटणी केली होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जर्मन दप्तरातून ती १९४८ सालीच प्रसिद्ध केली होती. मॉस्को मात्र ‘मूळ प्रत दाखवा’ असे म्हणून चाळीस वर्षे तिचे अस्तित्व नाकारीत राहिले. कराराच्या पन्नासाव्या वर्षी, त्याच तारखेला, व्हिल्नियसपासून रीगावरून ताल्लिनपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर लांबीची माणसांची साखळी उभी राहिली. तीत सुमारे वीस लाख लोक होते असे मानतात. २४ डिसेंबर १९८९ रोजी सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या सभेला ती पुरवणी स्वाक्षरी झाल्या क्षणापासून रद्दबातल होती असा ठराव करावा लागला. मूळ प्रतही पुढे, १९९२ साली, मॉस्कोच्याच दप्तरात सापडली! या कागदाने दाव्याचे स्वरूपच पालटले. लिथुएनियाने ११ मार्च १९९० रोजी जी घोषणा केली, तिच्या मागे वाटणी मागणाऱ्या भावाची भूमिका नव्हती. बळाने बेदखल केलेल्या मालकाने कब्जा परत मागावा, अशी ती भूमिका होती. ज्यांना इतिहास हा विरंगुळा वाटतो, त्यांनी इतके मोठे साम्राज्य एका जुन्या कागदापुढे का अडखळले, हे आम्हांस समजावून द्यावे.

हंगेरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची, म्हणून अधिक बोधक. १९५६ च्या उठावाचे पंतप्रधान इम्रे नाज यांस १६ जून १९५८ रोजी फाशी देण्यात आली आणि त्यांचे प्रेत अखेर दफनभूमीच्या एका कोपऱ्यात, ३०१ क्रमांकाच्या तुकड्यात, निनावी पुरले गेले. तीस वर्षे सरकारी बखरीत त्या उठावाचे नाव ‘प्रतिक्रांती’ असे होते. २८ जानेवारी १९८९ रोजी पक्षाचेच एक पुढारी पोझ्गाय यांनी नभोवाणीवर ‘तो लोकांचा उठाव होता’ असे म्हटले, आणि एका शब्दाच्या बदलाने सर्व इमारत हादरली. त्याच वर्षी १६ जूनला नाज यांचे पुनर्दफन झाले; लाखो लोक जमले. ६ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, आणि ज्या कादारच्या राजवटीने त्यांस फासावर चढविले तो कादार त्याच दिवशी मरण पावला.

पण पुढचा प्रश्न आला तो असा की, गोळ्या झाडणाऱ्यांचे काय करावयाचे? मुदतीच्या कायद्याने त्यांच्यावरील खटले केव्हाच बुडाले होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये हंगेरीच्या संसदेने कायदा केला की, राजकीय कारणाने ज्या खून-देशद्रोहादी गुन्ह्यांचे खटले झाले नाहीत, त्यांची मुदत नव्याने सुरू व्हावी. राष्ट्राध्यक्ष होते आर्पाद गोन्त्स. हे गृहस्थ स्वतः उठावानंतर पकडले गेलेले. विचारवंत इश्तवान बिबो यांचा तडजोडीचा मसुदा त्यांनी बुडापेस्टमधील भारतीय वकिलातीपर्यंत पोचविला होता, आणि १९५८ साली दोघांनाही जन्मठेप झाली होती. सूड घेण्याचा अधिकार कोणास असेल तर तो या माणसास होता. त्यांनी कायद्यावर सही केली नाही. तो घटना-न्यायालयाकडे पाठविला. ५ मार्च १९९२ रोजी त्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला: बुडालेली मुदत पूर्वलक्षी कायद्याने जिवंत करणारे राज्य कायद्याचे राज्य राहत नाही, असा त्याचा आशय. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याने ज्या गुन्ह्यांस मुदतच नाही त्यांच्यापुरती वाट मोकळी ठेवण्यात आली.

या निकालाबद्दल आमच्या व्यवसायातील कित्येकांनी नाके मुरडली आहेत. आम्हांस तो योग्य वाटतो. आणि तो योग्य आहे म्हणूनच इतिहासाची गरज वाढते. मुदतीच्या कायद्याने फिर्याद बुडते, घडलेली गोष्ट बुडत नाही. न्यायासन म्हणते, ‘या इसमास शिक्षा देता येत नाही.’ एवढ्यावरून ‘काही झालेच नाही’ असे अनुमान काढण्याचा अधिकार कोणास पोचतो? जेथे न्यायाधीशाचे हात थांबतात तेथून संशोधकाचे काम सुरू होते. ‘झाले गेले’वाल्यांची खरी लबाडी येथे आहे. खटला नको हे त्यांचे म्हणणे आम्ही पुष्कळदा मान्य करू. पण त्या आडून चौकशीही नको असे जे सुचविले जाते, ते कदापि मान्य करणार नाही.

दप्तर उघडणे हे सोपे काम आहे असे मात्र कोणी समजू नये. पूर्व जर्मनीच्या हेरखात्याचे कागद एकापुढे एक मांडले तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. शेवटच्या वर्षी या खात्याचे ९१,००० पगारी नोकर आणि सुमारे १,८९,००० गुप्त खबरे होते. देशाची लोकवस्ती अवघी १ कोटी ६० लाखांच्या आसपास. राजवट डळमळताच कागद फाडण्यास आणि जाळण्यास प्रारंभ झाला, तेव्हा ४ डिसेंबर १९८९ रोजी एर्फुर्टच्या सामान्य नागरिकांनी, त्यांत स्त्रियांचा पुढाकार होता, कचेरीत शिरून ते थांबविले. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्य कार्यालय लोकांच्या हाती आले. पश्चिमेकडील कित्येक शहाण्यांना हे कागद आपल्या सरकारी दप्तरखान्यात नेऊन बंद करावेत असे वाटत होते. त्याविरुद्ध सप्टेंबर १९९० मध्ये पुन्हा कचेरीचा ताबा घेऊन उपोषण करण्यात आले. अखेर डिसेंबर १९९१ चा कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून ज्याची प्रकरणे त्यास वाचावयास मिळू लागली. कित्येकांना त्यात आपल्या मित्रांची, काहींना आपल्या पतीचीच नावे सापडली. घरे मोडली, हे खरे आहे. ती कागद वाचल्यामुळे मोडली की कागद लिहिल्यामुळे, याचा विचार वाचकांनीच करावा. गोव्यातील जुन्या वाचकांना तर सालाझारच्या राजकीय पोलिसांचे खबरे कसे असत हे सांगण्याचे कारणच नाही.

येथे वकिलाने एक इशारा देणे जरूर आहे. आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ९० होते. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या नव्या अधिनियमात तेच कलम ९२ म्हणून आले आहे. देवस्थानांच्या आणि वतनांच्या दाव्यांत ज्यांनी लक्ष घातले आहे त्यांस ते पाठ असेल. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरील सही व अक्षर ज्याचे म्हणविले जाते त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पण त्यातील मजकूर खरा आहे, असे ते कलम म्हणत नाही! हेरखात्याच्या कागदालाही हाच नियम लावला पाहिजे. अमुक अंमलदाराने अमुक इसमाविषयी असे लिहिले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. अंमलदार बढतीसाठी खबऱ्यांची संख्या फुगवीत असेल. खबरी भीतीने सही करून नंतर काहीच सांगत नसेल. हे पारखणे म्हणजेच ऐतिहासिक विचार. नावांची यादी चव्हाट्यावर टांगणे याला आम्ही इतिहास म्हणत नाही.

पोलंडात हे दोन्ही दोष एकाच दशकात दिसले. पहिले बिगरकम्युनिस्ट पंतप्रधान माझोव्हिएत्स्की यांनी २४ ऑगस्ट १९८९ रोजी भूतकाळाखाली ‘जाड रेघ’ ओढण्याची भाषा केली. त्यांचा मूळ आशय, आपले सरकार केवळ स्वतःच्या कृत्यांना जबाबदार राहील, एवढाच होता. त्यांच्यावर विस्मरणाचा आरोप करणारे विरोधक हे सोयिस्करपणे विसरतात. पण शब्द उच्चारणाऱ्याच्या हाती राहत नाही. जुना गृहमंत्री जनरल किश्चाक जुलै १९९० पर्यंत त्याच खुर्चीवर राहिला आणि त्या महिन्यांत हेरखात्याचे कागद मोठ्या प्रमाणावर जाळले गेले. मग ४ जून १९९२ रोजी नव्या गृहमंत्र्याने संशयितांच्या याद्या घाईघाईने संसदेत दिल्या, त्यात वालेसा यांचेही नाव होते, आणि त्याच रात्री सरकार पडले. या सर्वावर कळस चढला तो २०१६ साली. किश्चाक वारल्यावर त्याच्या विधवेने घरात ठेवलेले कागद राष्ट्रीय स्मृतिसंस्थेला देऊ केले. त्यात ‘बोलेक’ या टोपणनावाची मूळ फाइल निघाली. हस्ताक्षरतज्ज्ञांनी सह्या वालेसा यांच्याच असल्याचे मत २०१७ मध्ये दिले. वालेसा यांनी ते साफ नाकारले. आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. ज्याने स्वातंत्र्याचा लढा जिंकून दिला त्या पुरुषाचा कागद त्याच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या कपाटात पंचवीस वर्षे राहू दिला, हा प्रकार कोणत्या ‘योग्य ताब्यात’ बसतो? जाड रेघेखाली कागद नाहीसे होत नाहीत. ते फक्त चुकीच्या घरी मुक्काम करतात.

तथापि त्याच पोलंडने या विषयातील सर्वांत कठीण परीक्षाही दिली आहे. येडवाब्ने गावातील ज्यूंना १० जुलै १९४१ रोजी एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळण्यात आले. कम्युनिस्ट काळातील स्मारकशिलेवर हे कृत्य जर्मन पोलिसांचे म्हणून कोरले होते. २००० साली इतिहासकार यान ग्रॉस यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जाळणारे त्या ज्यूंचे पोलिश शेजारी होते हे उघड झाले. देशात आगडोंब उसळला. पण स्मृतिसंस्थेने चौकशी केली. मृतांची संख्या निदान ३४० आणि जर्मनांच्या चिथावणीने प्रत्यक्ष कृत्य करणारे पोलिश रहिवासी, असा तिचा निष्कर्ष निघाला. साठाव्या स्मरणदिनी, १० जुलै २००१ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्वाश्न्येव्स्की यांनी त्या गावी जाऊन क्षमा मागितली. ज्या राष्ट्राने कातिनचे सत्य दुसऱ्याकडून मागितले, त्याने येडवाब्नेचे सत्य स्वतःकडून वसूल केले. बखरवाल्यांस हे कधी जमत नाही, कारण बखरीत आपले घराणे नेहमी निर्दोष असते.

दुर्दैवाने ही वृत्ती टिकली नाही. २०१८ च्या आरंभी पोलंडच्या संसदेने, नाझी गुन्ह्यांचे दायित्व पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा केला. जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये शिक्षेची कलमे मागे घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुडापेस्टच्या संसदभवनाजवळचा इम्रे नाज यांचा पुतळा हलविण्यात आला. तो हलविणाऱ्या सरकारचे प्रमुख ओर्बान १९८९ च्या पुनर्दफनाच्या वेळी तरुण वक्ते म्हणून उभे होते. युक्रेनने २०१५ साली केलेल्या कायद्यात स्वातंत्र्यसैनिकांच्या लढ्याची वैधता जाहीरपणे नाकारणे बेकायदा ठरविले. या तिन्ही देशांविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि युक्रेनवर आलेल्या संकटात आमची सहानुभूती पूर्णपणे त्याच्याकडे आहे. पण राष्ट्राच्या अब्रूसाठी इतिहासाला फौजदारी कायद्याचा पहारा बसविणे ही जुन्या राजवटीचीच विद्या होय. ‘झाले गेले विसरा’ म्हणणारा आणि ‘आम्ही सांगू तेच आठवा’ म्हणणारा, हे परस्परांचे शत्रू दिसले तरी दप्तराच्या कुलपाविषयी त्यांचे एकमत असते.

या मार्गाचे टोक रशियात पाहावयास मिळते. १९८९ साली आंद्रेई साखारोव्ह यांच्या अध्यक्षतेखाली ‘मेमोरियल’ ही संस्था स्थापन झाली. स्टालिनच्या काळी मारल्या गेलेल्यांची नावे जमविणे, सामूहिक थडगी शोधणे, हे तिचे काम. ३० ऑक्टोबर १९९० रोजी हेरखात्याच्या इमारतीसमोर, सोलोव्हेत्स्की बेटावरील बंदिवासातून आणलेला धोंडा स्मारक म्हणून बसविण्यात आला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच चौकातील जेर्झिन्स्कीचा पुतळा उतरला. लोकांस वाटले, काम झाले! पण दप्तरे थोडी उघडून पुन्हा मिटली, हेरखात्याच्या जुन्या अंमलदारांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणारा कायदा झालाच नाही, आणि त्या खात्यातूनच आलेला गृहस्थ २००० साली राष्ट्राध्यक्ष झाला. कातिनची चौकशी २००४ मध्ये बंद झाली आणि ती का बंद केली याचा आदेशच गुप्त ठरला. तो दाखविण्याचे नाकारल्याबद्दल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली रशियाला दोष दिला. २०२० च्या दुरुस्तीने ‘ऐतिहासिक सत्याच्या संरक्षणा’चे कलम थेट घटनेत आले. सत्याला संरक्षण कोणापासून? २८ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेमोरियल विसर्जित करण्याचा हुकूम दिला तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. कायदेशीर कारण होते ‘परकीय हस्तक’ हे बिरुद छापण्यातील कसूर. सरकारी वकिलाने भाषणात मात्र खरी तक्रार सांगून टाकली की, ही संस्था सोव्हिएत युनियनची दहशतवादी राज्य अशी खोटी प्रतिमा निर्माण करते.

यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या अध्यक्षाने दूरचित्रवाणीवर इतिहासाचा पाठ दिला: युक्रेन हे लेनिनने निर्माण केलेले राज्य. २४ तारखेस रणगाडे सीमेपलीकडे गेले. ज्या देशात त्या पाठाला कागद दाखवून उत्तर देणारी संस्था नुकतीच मोडून टाकली होती, तेथे तो पाठ खोडून कोण काढणार होता?

आमच्याकडील ज्या मंडळींना हा सर्व परक्यांचा संसार वाटतो, त्यांस एका जुन्या मताची आठवण देतो. ९ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हंगेरीतून सोव्हिएत फौजा हलवाव्यात आणि तेथे मुक्त निवडणुका व्हाव्यात असा ठराव आला, तेव्हा भारताचे मत विरुद्ध पडले. त्या मताचे समर्थन आणि निषेध दोन्ही त्या काळी झाले. तसेच, १९६४ साली कॉम्रेड डांगे यांची म्हणून १९२४ ची काही पत्रे राष्ट्रीय दप्तरखान्यातून निघाली. त्यांनी ती बनावट म्हटली, आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. पत्रे खरी की खोटी, यावर तेव्हा जे वाद झाले ते बहुतेक आपापला पक्ष पाहून झाले, कागद पाहून थोडे झाले. तेव्हा उपदेश करण्यापूर्वी आपणही या शाळेत फार पुढे गेलेलो नाही, हे जाणून असावे.

मेमोरियलची माणसे २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला त्या धोंड्यापाशी जमत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गोळ्या घातलेल्यांची नावे वाचीत: नाव, वय, धंदा, मृत्यूची तारीख. सामान्य लोक थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहून दोन-तीन नावे वाचीत व शेवटी आपल्या घरच्याचे नाव जोडीत. २०२० पासून तेथे जमण्यास परवानगी मिळालेली नाही. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी ते त्या रांगेतील एखाद्या म्हातारीस समजावून सांगावे, आणि तिचे उत्तर आम्हांस कळवावे; आम्ही ते आनंदाने छापू.